ठेकेदाराला एटीएम कार्ड देऊ नका

झाडणकाम, हाउसकीपिंग, बाग, कुठेही महापालिकेच्या ठेक्यावर लागणार असाल तर वाचा. काम महापालिकेचं आहे, पैसे कुठे जाणार, असं पुण्यात सगळेच धरून चालतात. आमचे गेले, आणि कागदावर एक रुपयाही कमी दिसला नाही.

कामावर घेतानाच ठेकेदाराच्या सुपरवायझरने सगळ्यांची बँकेत खाती उघडली. पासबुक आणि एटीएम कार्डं स्वतःकडेच ठेवली. "ताई, तुमच्याकडून हरवतात, शेठकडे राहू द्या." दर महिन्याला खात्यावर किमान वेतनाप्रमाणे पूर्ण पगार पडायचा. मग सुपरवायझर कार्डांचा गठ्ठा घेऊन पैसे काढायचा आणि कोठीवर, म्हणजे आमची हजेरी लागते तिथे, येऊन ठरलेली रोकड हातावर ठेवायचा. बाकीचे कुठे गेले? "गणवेशाचे, गमबुटांचे, आणि वर द्यावे लागतात." वर म्हणजे कुणाला, असं विचारणारीची दुसऱ्या दिवशी हजेरी लागत नसे.

ठेकेदार बिलासोबत बँकेची यादी जोडतो, साहेब ती बघून सही करतात. यादी खरीच असते! पीएफचं तसं नव्हतं. 12 टक्के कापले जात होते, पण एकीच्या मुलीने उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडलं तर सुरुवातीचे महिने सोडून पुढे सगळं कोरं. माहिती अधिकारात बिलांच्या प्रती मागवल्या. पीएफ भरल्याची चलनं जोडलेली होती, फक्त त्यातली नावं दुसऱ्याच साइटच्या माणसांची.

खरा पुरावा मिळाला तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. चार-पाच जणींची स्टेटमेंट शेजारी ठेवली, तर एकाच एटीएममधून एकाच दिवशी पाठोपाठ रकमा निघालेल्या. त्या वेळी आम्ही रस्त्यावर झाडू मारत होतो, हे महापालिकेच्याच हजेरीपत्रकात लिहिलेलं. तोंडी तक्रारीला "लेखी द्या" म्हणून वाटेला लावणाऱ्यांनी हे कागद मात्र ठेवून घेतले.

ठेकेदाराने पगार कमी दिला तर फरक मूळ नियोक्त्याने, म्हणजे महापालिकेने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, असं 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही ही जबाबदारी सुटलेली नाही, आणि वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. त्यामुळे "ते तुमचं आणि ठेकेदाराचं बघा" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

ठेकेदाराला काळ्या यादीत टाका, ही मागणी सगळेच करतात, आम्हीही केली. पण त्याआधी त्याला दिलेल्या नोटिशीत तसा इरादा स्पष्ट असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोरखा सिक्युरिटी प्रकरणात हेच सांगितलं. मोघम नोटीस काढली की ठेकेदाराला कोर्टात वाट मोकळी. (अशा नोटिसा चुकून मोघम निघतात, यावर माझा विश्वास नाही.) शिवाय नोटिशीचं चालू असतानाच आमच्या शेठच्या बायकोच्या नावाने नवी फर्म निघाली. पत्ता तोच, सुपरवायझर तोच.

माझ्या मते अशा माणसाला टेंडर उघडतानाच ओळखता येतं. किमान वेतन, मालकाच्या वाट्याचा पीएफ, 3.25 टक्के ईएसआय (कामगार विमा), 8.33 टक्के बोनस, यातलं काहीच ठेकेदाराला कमी करता येत नाही. कमी होऊ शकतो तो फक्त त्याचा नफा. तरीही एखाद्याचा दर या बेरजेच्या खाली असेल, तर तो फरक कुणाच्या खिशातून भरणार आहे? हे गणित पाचवीतलं पोरही करील. पण सगळ्यात कमी दर म्हणून काम त्यालाच मिळतं.

आमच्यातल्या ज्यांच्याकडे स्टेटमेंट होती, त्यांचा फरक ठेकेदाराच्या अडवलेल्या बिलातून मिळाला. ज्यांची खाती मधेच बंद झाली होती, त्या अजून खेटे घालताहेत. पीएफची चौकशी चालू आहे.

तुमच्या ठेक्याची मुदत संपत आली असेल तर थांबू नका. ठेकेदाराची अनामत एकदा परत गेली की वसुलीला हाताशी काही राहत नाही. "कामगारांची देणी चुकती झाल्याशिवाय अनामत सोडू नये" असा अर्ज त्याआधी द्या, एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्या, आणि दोन्हीकडे आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या.