व्रण बुजला, गरमी अंगातच राहिली

ठाण्याला नोकरीस असताना, लग्न ठरण्याच्या सुमारास, माझ्या जननेंद्रियावर एक व्रण उठला. तो दुखत नव्हता, त्यामुळे आठवडाभर मी दुर्लक्ष केले आणि नंतर, ओळखीच्या डॉक्टरांकडे जाण्याची लाज वाटल्याने, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ या जाहिरातीवरील क्रमांकावर फोन केला. उपदंशासारख्या (गरमी, म्हणजेच सिफिलिससारख्या) आजारांवर इलाजाची जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

स्टेशनजवळच्या एका लॉजच्या खोलीत बसलेल्या त्या गृहस्थांनी रक्त तपासले नाही. नुसती नाडी पाहिली आणि ‘गरमी आहे, मूल होणार नाही’ असे सांगून मला घाबरवले. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तपकिरी भुकटीच्या एकवीस पुड्यांचे त्यांनी तीन हप्त्यांत साडेअठरा हजार रुपये घेतले. पावती मागितली तेव्हा, ‘अशा आजाराची पावती घरच्यांच्या हाती लागली तर?’ असे त्यांनीच मला विचारले आणि मला ते पटलेसुद्धा.

पुड्या संपेपर्यंत व्रण खरोखरच बुजला, आणि खरी फसवणूक इथेच आहे. उपदंशाचा पहिला व्रण औषध घेतले नाही तरी तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. जंतू मात्र शरीरात राहतात. भोंदूला फक्त तेवढे दिवस पुरेल इतकी भुकटी द्यायची असते, श्रेय त्याला आयते मिळते. मी तर त्यांना पेढेही नेऊन दिले होते.

पुढे लग्न झाले, पत्नीला दिवस गेले. खासगी तपासण्यांत राहून गेलेली व्हीडीआरएल, म्हणजे उपदंशासाठीची रक्तचाचणी, तिच्या माहेरच्या सरकारी रुग्णालयात आठव्या महिन्यात झाली आणि तिच्यात दोष निघाला. पाठोपाठ माझ्याही रक्तात तो निघाला. आम्हा दोघांना आठवड्याला एक अशी पेनिसिलीनची तीन इंजेक्शने लिहून दिली, परंतु दुसऱ्या इंजेक्शननंतर आठवड्याच्या आतच ती बाळंत झाली. प्रसूतीपूर्वी किमान तीस दिवस आधी आईवर उपचार सुरू झालेले नसल्यामुळे मुलीला नवजात अतिदक्षता कक्षात दहा दिवस शिरेतून पेनिसिलीन द्यावे लागले.

तिथल्या परिचारिकेने मला एकदाच, तेही आवाज न चढवता, सुनावले: व्रण होता तेव्हाच जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात, आला असतात, तर 24 लाख युनिटच्या एका मोफत इंजेक्शनात काम झाले असते. त्याऐवजी सरकारी खर्चाने तिघांवर उपचार झाले, आणि दहा दिवस एक खाट अडली, जिची वाट कमी वजनाच्या एका बाळाचे आईवडील बाहेर बाकावर बसून पाहत होते. माझे साडेअठरा हजार त्या हिशेबात कुठेच नाहीत.

चाचणी निर्दोष येईपर्यंत मुलीचे रक्त दर दोन-तीन महिन्यांनी तपासावे लागते. पुढची तारीख कार्डावर लिहिलेली आहे.