सात माणसं, सात तोंडं आणि एक पास्ता मशीन : वापरून लिहिलेला रिव्ह्यू

हाताने फिरवायची स्टीलची पास्ता मशीन घ्यावी का नको, असा विचार करत असाल तर हे वाचा, मी आता बरेच महिने वापरतोय आणि मनापासून सांगतोय. ज्यांना घाई आहे त्यांना निकाल आधीच देतो. घरात पाच-सात माणसं असतील, प्रत्येकाची आवड वेगळी असेल आणि तुम्हाला स्वयंपाकात हात घालायला आवडत असेल तर घ्या. एकटे-दुकटे असाल, आठवड्यातून एकदा पटकन काहीतरी करून मोकळं व्हायचं असेल तर नका घेऊ, पाकिटातला पास्ता चांगला असतो, त्यात कमीपणा काही नाही.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागला. रविवारी रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. आजीला दात नाहीत, तिखट चालत नाही. आई अंडं खात नाही. अप्पांना रविवारी मटण-खिमा काहीतरी पाहिजेच आणि तेही घरच्या चटणीतलं झणझणीत. बायकोला क्रीम-चीज जड होतं. थोरली नववीत आहे, तिला लाल सॉस, त्यात लसूण मायंदळ. धाकट्याला फक्त पांढरं, मधे हिरवा ठिपका दिसला की ताट सरकवतो. मला सगळं चालतं. आता पाकिटातला पास्ता केला की काय व्हायचं, एकच आकार, एकच पातेलं, शिजायला नऊ ते बारा मिनिटं, म्हणजे सगळ्यांना एकदम शिजवायचा आणि एकाच सॉसमध्ये घोळायचा, मग दोघं खूश, बाकीचे गप्प बसून खायचे आणि आजी शेवटी दूधभात कालवून घ्यायची. ते बघवायचं नाही मला.

मशीनवर घरी केलेल्या ताज्या पास्त्याचा खरा फायदा इथं आहे आणि हे मला कुठल्याच व्हिडिओत कुणी नीट सांगितलेलं दिसलं नाही. चवीचं वगैरे सगळे बोलतात, चव चांगली असतेच, पण ताजा पास्ता उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत होतो. म्हणजे एकच पाणी उकळत ठेवायचं, सॉस आधी करून बाजूला मंद गरम ठेवायचे, आणि एकेकाचा पास्ता त्याच पाण्यात टाकून काढून त्याच्या त्याच्या सॉसमध्ये घालायचा. सात जणांचं वीसेक मिनिटांत ताटात पडतं आणि सगळे बरोबर जेवायला बसतात. एका गोळ्यातून चार आकार निघतात आणि घरात कुणाला तडजोड करावी लागत नाही. मशीनचे पैसे मला तिथंच वसूल झाले.

आता मशीनबद्दल. ऑनलाइन मागवली, अडीच हजाराच्या आसपास पडली. नाव सांगत नाही कारण ह्या किमतीत सगळ्या साधारण सारख्याच असतात, चकचकीत बॉडी, दोन रोलर, बाजूला नंबरांचा खटका, पुढं दोन कटर, एक बारीक साधारण २ मिमीचा आणि एक रुंद साडेसहा मिमीचा. नंबर १ म्हणजे सगळ्यात जाड, पुढं पुढं पातळ. रोलर मस्त आहेत. पट्टी एकसारखी येते, कडेला जाड मधे पातळ असं होत नाही, लाटण्यानं इतकी सारखी मोठी पट्टी लाटायला आईचाच हात पाहिजे, माझा नाही. रुंद कटर पण चांगला. बारीक कटर मात्र त्रास देतो, पीठ जरा ओलं असलं की शेवया सुट्या न होता गुच्छ पडतात. पट्टी पंख्याखाली दहा मिनिटं सुकवून, वर कोरडा रवा भुरभुरून घातली तर बरं चालतं. पण मला विचाराल तर बारीक कटरसाठी ही मशीन घेऊच नका, रोलरसाठी घ्या.

मला खटकलेल्या दोन गोष्टी. हँडल भोकात नुसतं खोचलेलं असतं, लॉक नाही, फिरवता फिरवता निसटून खाली पडतं. आणि क्लॅम्प. आपल्याकडच्या ओट्याला पुढं ग्रॅनाइटची जाड पट्टी उतरलेली असते, तिथं क्लॅम्प बसतच नाही. घ्यायच्या आधी टेप लावून ओट्याची कड मोजा. आम्ही डायनिंग टेबलला लावतो, खाली जुन्या कापडाची घडी घालून. खरं तर हे दोन माणसांचं काम आहे, एकानं फिरवायचं, एकानं पट्टी धरायची. हँडल फिरवायला धाकटा एका पायावर तयार असतो, आणि स्वतः फिरवलेलं असलं की खायची कुरकुर पण कमी होते.

साफसफाईचं नीट ऐका. मशीन पाण्याखाली धरायची नाही, भिजवायची तर अजिबातच नाही, आतले गिअर गंजतात. वाळू द्यायची, कोरड्या ब्रशनं झटकायची, बास. नवीन असताना आत फॅक्टरीचं तेल असतं, त्यामुळं पहिला एक छोटा गोळा सगळीकडनं फिरवून टाकून द्यायचा.

पिठाचं लिहितो कारण खरी मजा तिथं आहे. इटलीत उत्तरेकडं अंडं घालून मऊ गव्हाच्या पिठाचा पास्ता करतात, १०० ग्रॅमला एक अंडं असा साधा हिशोब, आणि दक्षिणेकडं ड्युरम म्हणजे कडक दाण्याच्या गव्हाचा रवा आणि पाणी, अंडं नाही. आमच्यात आईमुळं दक्षिणेचाच. गणपती पेठेत बारीक बन्सी रवा मिळतो, तो ड्युरमचाच, तो घ्या. मिक्सरवर एकदा फिरवला तर अजून छान. आणि आपल्या कृष्णाकाठचा खपली गहू आहे ना, तो पण त्यात घाला. इटलीत त्याच जातीच्या गव्हाला फार्रो म्हणतात आणि त्याचा पास्ता तिकडं आवडीनं खातात, आणि तो आपल्या सांगली-सातारा भागात पिकतोय, मग का नाही घालायचा? फक्त नुसत्या खपलीचा करायला जाऊ नका, त्याला चिवटपणा कमी, पट्टी तुटते. माझं प्रमाण अर्धा बन्सी रवा, पाव खपलीचं पीठ, पाव मैदा. माणशी १०० ग्रॅम धरायचं. पाणी पिठाच्या वजनाच्या निम्म्याला थोडं कमी, म्हणजे १०० ग्रॅमला ४५-४८ मिली, तेही थोडं थोडं. पावसाळ्यात आमच्याकडं हवाच इतकी ओली असते की ४२-४३ वर भागतं, उन्हाळ्यात उलट, पट्टी लाटेपर्यंत कडा वाळून चिरतात, ओलं फडकं झाकून ठेवायचं.

गोळा पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट पाहिजे. सुरुवातीला खडबडीत दिसतो, जमणारच नाही असं वाटतं, तरी पाणी वाढवायचं नाही, आठ-दहा मिनिटं जोर लावून मळायचा आणि झाकून अर्धा तास ठेवायचा, रवा पाणी पितो आणि गोळा कानाच्या पाळीसारखा होतो. मग १ नंबरला पट्टी काढून घडी घालून परत १ नंबर, असं चार-पाच वेळा, पट्टी तुकतुकीत दिसायला लागली की पुढचे नंबर. घडीचं काम गाळलं की पट्टीला भोकं पडतात.

आता कुणाला काय. अप्पांना रुंद पट्ट्या, ५ नंबरवर थांबून सुरीनं दोन बोटं रुंद कापलेल्या, वर खिमा. जड सॉसला रुंद पट्टी लागते, बारीक शेवयांवर खिमा टिकत नाही, सगळा ताटाच्या तळाला जाऊन बसतो. इटलीतल्या बोलोन्या शहरात सुद्धा खिम्याचा सॉस स्पॅगेटीवर नाही तर ताल्यातेल्ले नावाच्या चपट्या पट्ट्यांवर घालतात, आणि त्या पट्टीची रुंदी किती पाहिजे हे तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९७२ साली रीतसर नोंदवून ठेवलंय, शिजल्यावर ८ मिमी. मला हे फार आवडतं, आपल्या खाण्याबद्दल इतकी आस्था पाहिजे माणसाला. आमचा खिमा मात्र सांगलीचा, कांदा, टोमॅटो, घरची चटणी, शेवटी पास्ता शिजवलेलं पाणी एक पळी. पहिल्यांदा दिला तेव्हा अप्पा म्हणाले, "भाकरी कुठाय?" आता भाकरी मागत नाहीत.

थोरलीला रुंद कटरच्या पट्ट्या आणि लाल सॉस. टोमॅटो मऊ, पिकलेले, देठाकडचा पांढरा भाग काढून, लसूण तेलात गुलाबी करून, अर्धा तास मंद आचेवर. आंबट लागला तर चिमूटभर साखर. हाच बेस जास्त करून ठेवायचा, निम्मा खिम्यात जातो. धाकट्याच्या पांढऱ्या सॉसला ३० ग्रॅम लोणी, ३० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध, मैदा कच्चा राहू द्यायचा नाही, दूध गरम घालायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, वर चीज. बायकोला बारीक शेवया, तेलात पातळ चिरलेला लसूण, सुकी लाल मिरची, कोथिंबीर आणि त्यात पास्त्याचं पाणी घालून हलवायचं, पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळं तेल आणि पाणी एकजीव होतं, क्रीमशिवाय दाटपणा येतो. ऑलिव्ह ऑइल नसलं तर घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतो, वास वेगळा येतो पण तिला तोच जास्त आवडतो. हे पास्त्याचं पाणी कधी सिंकमध्ये ओतू नका. मिठाचा हिशोब १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, आमच्याकडं पाचच लिटरचं पातेलं आहे त्यात एकेकाचं काढत जातो.

आणि आजी. आजीची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. मी पट्ट्या कापत होतो तेव्हा ती शेजारी येऊन बसली, कडेचे उरलेले तुकडे उचलले आणि बोलता बोलता नखानं दाबून दाबून नखुल्या करायला लागली. मग गव्हले, बोटवी. लग्नाच्या रुखवतासाठी ती हे वर्षानुवर्षं करत आलेली. मी म्हटलं, "आजी, इटलीत पण बायका असंच अंगठ्यानं दाबून करतात, ओरेकिएत्ते म्हणतात त्याला." तर म्हणाली, "करत असतील की, हात सगळ्यांना सारखेच असतात बाबा." तेव्हापासून कडेचा एक तुकडा वाया जात नाही. तिच्या नखुल्या मी पाच-सहा मिनिटं जास्त शिजवतो, अगदी मऊ, आणि पांढऱ्या सॉसमध्ये दूध वाढवून पातळ करतो, मिरपूड आणि जायफळ किसून. जायफळ त्या सॉसमध्ये मूळचंच आहे, मी काही वेगळं घालत नाही, पण आजीला त्या वासानं तो पदार्थ आपला वाटतो. वाटीभर संपवते. दूधभात मागत नाही. ह्या आकारांना मशीन लागत नाही हे खरंय, पण मशीन आली नसती तर हे घरात सुरूच झालं नसतं.

आईला काय द्यायचं हा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता, तिला कुठलाच सॉस मनापासून आवडायचा नाही, खायची आपली आमच्यासाठी. मग लाझान्या केला. पातळ पट्ट्या ६ नंबरच्या, मधे मेथी-पालक परतून आणि पनीर कुस्करून, वर दोन्ही सॉस, ओटीजीमध्ये १८० डिग्रीला अर्धा तास. तिनं दुसऱ्यांदा मागून घेतला. तिच्या बाबतीत दुसऱ्यांदा मागणं म्हणजे काय हे घरातल्यांनाच कळेल.

वेळेचं खरं सांगतो, सगळं धरून दोन तास जातात, त्यात अर्धा तास पीठ नुसतं पडून असतं. कामाच्या दिवशी शक्य नाही. पट्ट्या कापून, रवा भुरभुरून, घरटी करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, गोठलेल्याच थेट उकळत्या पाण्यात टाकायच्या, एखादं मिनिट जास्त, म्हणजे बुधवारची पण सोय होते.

मोटरवाली आणि साच्यातून पास्ता पाडणारी महाग मशीन दहा-पंधरा हजारांपासून पुढं आहे, सात माणसांसाठी मला गरज वाटली नाही. ह्या मशीनला जोडायची रवियोलीची, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याची, वेगळी अटॅचमेंट मिळते, ती पण घेऊ नका. घरात करंजीचं कातणं असतंच. ७ नंबरची पट्टी अंथरायची, चमचा चमचा सारण ठेवायचं, कडेनं पाण्याचा हात, वर दुसरी पट्टी, आतली हवा बोटानं दाबून काढायची नाहीतर पाण्यात फुटतात, आणि कातण्यानं कापायचं, नक्षी पण येते. सारण लाल भोपळ्याचं करून बघा, इटलीत मांतोवा भागात भोपळ्याचंच करतात. भोपळा किसून कोरडा होईस्तोवर परता, ओला राहिला तर पट्टी भिजून फाटते. वरून सॉस काही नको, कढवलेलं लोणी आणि मिरपूड पुरे.