उतारावर टिकलेले नी पॅड: सात महिन्यांनंतर

उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी सूज आली तेव्हा मुका मार असेल म्हणून मी अंगावर काढलं. दुखत फार नव्हतं, पण गुडघा टेकला की पाण्याच्या पिशवीवर टेकल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, वाटीच्या पुढे कातडीखाली एक पातळ पिशवी असते, बर्सा म्हणतात तिला. सारखं टेकून, घासून तिच्यात पाणी धरतं. 19 वर्षं छपरं करतोय, आणि तोवर गुडघ्याखाली गोणपाटाची घडी, एवढीच काय ती काळजी घेतली होती. तीन आठवडे घरी बसलो, मग गुडघ्याला बांधायचे हे पॅड घेतले.

मध्ये जेल, भोवती दाट फोम, वर सपाट रबराची टोपी. एक पट्टा मांडीला, एक पोटरीला. आत ईएन 14404 (गुडघ्याच्या पॅडसाठीचं युरोपीय मानक), टाइप 1, लेव्हल 1 असं छापलंय. टाइप 1 म्हणजे पायाला बांधायचे. टाइप 2 पँटच्या खिशात घालायचे असतात. लेव्हल 1 ला टोकदार वस्तू 100 न्यूटन जोराने, म्हणजे साधारण दहा किलो वजनाने, दाबली तरी आरपार जाता कामा नये. लेव्हल 2 ला हाच आकडा 250 आहे. लेव्हल 0 वर टोचण्यापासून संरक्षणच नसतं, छपरासाठी ते घेऊच नका.

याची परीक्षा आढ्यावरचा पत्रा बसवताना झाली. एक स्क्रू आडवा पडलेला दिसला नाही आणि त्यावर सगळा भार देऊन टेकलो. संध्याकाळी पॅड काढला तर रबरात स्क्रूच्या आट्यांचा ठसा उमटलेला, आतली बाजू मात्र साफ.

पण मला हे आवडले ते मऊपणामुळे नाही, पकडीमुळे. आधी एका सोबत्याचे कडक, गोल टोपीचे पॅड वापरून पाहिले होते. सपाट फरशीवर ते चांगले. उतारावर गुडघा सरळ टेकतच नाही, अंग एका बाजूला कललेलं असतं. त्यात गोल टोपी डुलते, आणि तोल सावरताना सांधा पिळला जातो. सपाट रबर एकदा बसलं की हलत नाही. पांढऱ्या पत्र्यावर काळे डाग उमटतात, ते शेवटी पुसावे लागतात.

खोड आहे ती पट्ट्यांत. खालचा पट्टा सरकत गुडघ्यामागच्या खळग्यात जातो आणि पायाला मुंग्या येतात. उभं राहून घट्ट बांधला की असं होतं. मी आता गुडघा वाकवूनच बांधतो. वेल्क्रोत ड्रिलचा लोखंडी चुरा बसून पाचव्या महिन्यात डाव्या पट्ट्याची पकड गेली. जुन्या टूथब्रशने रोज झाडलं असतं तर टिकला असता. घामाने पुरळही उठलं होतं. दुपारी पॅड काढून पाय पुसतो, तेव्हापासून नाही.

एक गोष्ट पॅड करत नाही, आणि ती मला उशिरा कळली. टेकण्याचा दाब कमी होतो, पण पाय पूर्ण दुमडून टाचेवर बसलात तर सांध्यावरचा ताण फारसा हटत नाही. त्यासाठी पोटरीमागे बांधायच्या फोमच्या उशा मिळतात, त्यांनी पाय तेवढा दुमडत नाही. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेने उतारावर शिंगल, म्हणजे छपरावर ओळीने ठोकायचे पातळ तुकडे, बसवण्याची नक्कल करून पॅड आणि या उशा, दोन्हींची प्रयोगशाळेत चाचणी घेतली आहे. मी दोन्ही वापरतो. मात्र शिडी चढता-उतरताना उशा काढूनच ठेवा, पायरीत अडकतात.

सूज पुन्हा आलेली नाही. माझ्या हाताखालचा पोरगा 22 वर्षांचा आहे, अजून गोणपाटावरच टेकतो, म्हणतो मला काय होतंय. परवा पत्रे मोजून झाल्यावर मी त्याच्या गुडघ्याचं माप घेतलं. माझ्यासाठी लेव्हल 2 ची जोडी मागवलीये आणि त्याच्यासाठी हीच.