लॉनची कड: दोरीचा ट्रिमर घ्यावा की अर्धचंद्र पातं?

कड कापायला निघालेल्या माणसापुढे साधारण चार गोष्टी असतात: नायलॉन दोरीचा ट्रिमर, चाकावर चालणारा मोटारीचा एजर, लांब दांड्याची कात्री आणि अर्धचंद्र पातं. मोटारीचा एजर मी उसना आणून दोनदाच चालवला, म्हणून त्याच्याबद्दल थोडक्यात. फरसबंदीलगतच्या सरळ कडेला त्याची बरोबरी नाही. पण चाकाला टेकायला एका बाजूने टणक जमीन लागते. फुलांच्या वाफ्याकडे वळलो की चाक भुसभुशीत मातीत रुततं आणि रेघ वाकडी जाते. माझ्या लॉनची अर्ध्याहून जास्त कड वाफ्यांना लागून, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

खरी चुरस ट्रिमर आणि अर्धचंद्र यांच्यात होती. पहिली तीन वर्षं मी ट्रिमरवाला होतो. यंत्र आडवं धरून गवत उडवायचं, डोकं फिरवून उभं केलं की कड कापायची, एका यंत्रात दोन कामं. वेगाला तर तोडच नाही. अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत. गडगा, कुंपणाचे खांब, पायऱ्यांची सांधी, अशा अडचणीच्या जागी आजही मी तोच काढतो. (झाडाच्या बुंध्याशी मात्र नको. दोरी साल सोलते, आणि कोवळ्या झाडाची साल गोल फिरून सोलली गेली की झाड जातं.)

माझा जीव खाल्ला तो त्या दोरीच्या रिळाने. कड कापताना दोरी सारखी माती-खड्यांवर आपटते, त्यामुळे झिजते किंवा तुटते. मग ट्रिमरचं डोकं जमिनीवर ठोकायचं, दोरी पुढे यायला हवी. येत नाही. पुन्हा ठोकायचं. यंत्र बंद करून झाकण उघडावं तर उष्णतेने आतले वेढे एकमेकांना चिकटलेले. नखाने सोडवा, पुन्हा गुंडाळा, दोन्ही टोकं खाचेतून बाहेर काढा. तेवढ्यात आतली स्प्रिंग टुणकन उडते. एकदा ती गवतात गेली आणि मी पाऊण तास गुडघ्यांवर रांगत बोटांनी गवत विंचरत होतो. कड अर्धीच कापलेली, संध्याकाळ झालेली. स्प्रिंग काही मिळाली नाही. दोरी आदल्या दिवशी पाण्यात भिजत घातली तर कमी तुटते, हे खरं आहे. नायलॉन पाणी पितं आणि लवचीक होतं. पण कड कापायला आदल्या दिवसापासून तयारी करायची म्हणजे जरा जास्तच झालं.

दुसरी गोष्ट जरा उशिरा लक्षात आली. ट्रिमर वरवरची पाती उडवतो, मुळाला फारसा हात लावत नाही. हरळीसारखं गवत जमिनीवरून धावे (आडवी सरपटणारी खोडं) टाकतं आणि जमिनीखालूनही सरकतं. वरचे कापले तरी खालचे वाफ्यात पोचलेलेच असतात. दोन आठवड्यांनी शेवंतीच्या मधोमध हिरवे कोंब वर येतात आणि खुरपं घेऊन बसावं लागतं.

अर्धचंद्र पातं म्हणजे वीतभर रुंद लोखंडी अर्धी चकती आणि दांडा, बस. वर पाय ठेवून उभं दाबायचं, डावी-उजवीकडे डोलवायचं आणि पुढचा घाव आधीच्या घावावर चार बोटं चढवून घ्यायचा. घाव नुसते शेजारी शेजारी दिले तर पात्याच्या गोलाईमुळे कड लाटालाटांची होते; पातं घेतल्यावर पहिल्या वर्षी माझी झालीच होती. तीन-चार बोटं खोल उभी भिंत निघाली की जमिनीखालून येणारे धावे त्या चरात उघडे पडतात आणि हाताने तोडता येतात. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी माती लोण्यासारखी कापली जाते. कोरड्यात कड ढासळते. सरळ रेघेला दोन खुंट्या आणि सुतळी, वळणाला पाण्याचा पाइप आखून घ्यावा.

दोष त्यातही आहेत. कापलेली माती-गवताची पट्टी उचलून टाकावी लागते. कंबर बोलते. आणि प्रत्येक कापणीत लॉन बोटभर आत सरकतं. दर महिन्याला हौसेने पातं चालवणाऱ्याचा वाफा वाढत जातो आणि लॉन आटत जातं. म्हणून मी ते वर्षातून दोनदाच काढतो. मधल्या काळात लांब दांड्याची कात्री. ती घेताना पाती उभी कापतात ना, ते बघून घ्या. आडवी कापणारी हुबेहूब तशीच दिसते, आणि मी आधी तीच घेऊन आलो होतो.

गुडघे किंवा पाठ कुरकुरत असेल, किंवा फरसबंदीलगत पन्नास-साठ मीटर कड असेल, तर अर्धचंद्राचा आग्रह मी धरणार नाही. ट्रिमर घ्या, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावा. फक्त रिळाचं जादा झाकण आणि एक जादा स्प्रिंग त्याच दिवशी घेऊन ठेवा.