पायरा आणि प्रोमिथियस: जोडणी सोपी, पण एरर बजेटचा आकडा खरा कधी मानावा?

आमच्या चमूकडे प्रोमिथियस गेली काही वर्षे आहे. २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये जन्मलेला, २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये कुबरनेटिसनंतरचा (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीनंतरचा) दुसरा प्रकल्प म्हणून दाखल झालेला हा टाइम सिरीज डेटाबेस (वेळेगणिक मोजमापे साठवणारा) आता इतका सर्वत्र आहे की त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. आमची अडचण वेगळी होती. आलेखांची कमतरता नव्हती. पण 'या महिन्यात आपली सेवा ग्राहकांना दिलेल्या शब्दाप्रमाणे चालली का, आणि नवी आवृत्ती सोडण्याइतकी मोकळीक शिल्लक आहे का' या प्रश्नाचे उत्तर त्या आलेखांतून कोणालाच देता येत नव्हते. त्यासाठी एसएलओ (सेवेच्या विश्वासार्हतेचे टक्केवारीतले उद्दिष्ट) लिहून त्यांचे एरर बजेट (त्या उद्दिष्टात बसणाऱ्या चुकांची मुभा) सांभाळणारे साधन हवे होते. काही महिन्यांपूर्वी आम्ही पायरा हे मुक्तस्रोत साधन प्रोमिथियसला जोडले. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

माझे मत आधीच सांगतो. ज्यांची मोजमापे प्रोमिथियसमध्ये आहेत त्यांनी पायरा जरूर वापरावे. मात्र जोडणी पूर्ण झाल्यावर पडद्यावर जी टक्केवारी दिसू लागते, ती लगेच खरी मानू नये. तो आकडा पायराचा नसतो, डेटाबेसचा असतो. डेटाबेस किती दिवसांचे लक्षात ठेवतो, कोणत्या लेबलांनी (मोजमापाला जोडलेल्या खुणांनी) ठेवतो आणि मोजमाप कोठून घेतो, यावर त्याचा खरेपणा ठरतो.

प्रत्यक्ष जोडणीत फारसे कष्ट नाहीत. पायराचे दोन भाग असतात. एक भाग वेब पडदा आणि एपीआय सांभाळतो. त्याला प्रोमिथियसचा पत्ता दिला की झाले. दुसरा भाग आपण लिहिलेल्या एसएलओच्या यामल फाइली (मांडणीच्या साध्या मजकूर फाइली) वाचून त्यांतून रेकॉर्डिंग रूल (ठरावीक अंतराने हिशेब करून निकाल साठवणारे नियम) आणि अलर्टचे नियम तयार करतो. कुबरनेटिसवर हे नियम प्रोमिथियस ऑपरेटरच्या (कुबरनेटिसवर प्रोमिथियस सांभाळणाऱ्या घटकाच्या) 'प्रोमिथियसरूल' या प्रकारच्या वस्तू म्हणून निर्माण होतात. साध्या सर्व्हरवर ते एका फोल्डरमध्ये फाइलींच्या रूपाने लिहिले जातात आणि प्रोमिथियसला ते पुन्हा वाचायला सांगितले जाते. पायराचा स्वतःचा डेटाबेस नाही. जे काही साठते ते प्रोमिथियसमध्येच साठते, आणि हीच रचना मला या साधनात सर्वाधिक पटली. उद्या पायरा बंद पडले तरी नियम चालूच राहतात आणि अलर्ट येतच राहतात. बंद होतो तो केवळ पडदा.

पहिली अडचण या नियमांपाशीच आली. एसएलओ पायराच्या पडद्यावर दिसत होता, त्यासमोर आकडे मात्र नव्हते. नियमांची वस्तू तयार झाली होती, पण आमचा प्रोमिथियस विशिष्ट लेबल असलेलेच नियम उचलतो, आणि ते लेबल आम्ही दिले नव्हते. पायरा एसएलओवरची लेबले नियमांच्या वस्तूवर तशीच उतरवतो, त्यामुळे यामल फाइलीत एक ओळ वाढवताच प्रश्न सुटला. साध्या सर्व्हरवर असेच घडले, तर पायरा ज्या फोल्डरमध्ये लिहितो तोच फोल्डर प्रोमिथियसच्या नियमांच्या यादीत आहे का आणि बाहेरून पुनर्वाचनाची विनंती स्वीकारण्याची सोय प्रोमिथियसमध्ये चालू केली आहे का, हे आधी पाहावे. ती सोय मुळात बंद असते.

यानंतरचा मुद्दा जरा सविस्तर मांडतो, कारण तो आम्हाला फार उशिरा उमगला. आम्ही ९९.९ टक्के हे उद्दिष्ट चार आठवड्यांच्या कालावधीसाठी ठेवले होते. चार आठवडे घेण्याचे कारण असे की कोणत्याही २८ दिवसांत शनिवार-रविवार सारख्याच संख्येने येतात. ३० दिवसांत ते कधी आठ, कधी दहा होतात आणि तुलना बिघडते. २८ दिवसांची मिनिटे ४०,३२०. त्यांचा हजारावा भाग म्हणजे साधारण ४० मिनिटे. सेवा पूर्ण बंद राहिली तर एवढाच काळ आपल्या हाती आहे, असा या उद्दिष्टाचा अर्थ. एके दुपारी आमच्याच एका चुकीच्या बदलामुळे विनंत्या फसू लागल्या आणि पडद्यावर बजेटचा मोठा भाग खर्ची पडलेला दिसला. ठरल्याप्रमाणे आम्ही नवे बदल थांबवले. सोळाव्या दिवशी मात्र बजेट एकदम जवळजवळ भरलेले दिसू लागले. दुरुस्ती तर आधीच झाली होती आणि दरम्यान काहीही वेगळे केले नव्हते.

कारण साधे होते. प्रोमिथियसला वेगळे काही सांगितले नाही तर तो १५ दिवसांचीच माहिती ठेवतो. २८ दिवसांत विनंत्यांची मोजणी किती वाढली हे विचारणारी क्वेरी त्याला दिली, तर 'माझ्याकडे एवढे दिवस नाहीत' असे तो म्हणत नाही. जेवढे आहे तेवढ्यावर हिशेब करून उत्तर देतो, कोणतीही चूक न दाखवता. परिणामी दोन्ही बाजूंनी फसगत होते. पहिले पंधरा दिवस तो बिघाड प्रत्यक्षापेक्षा जवळपास १.९ पट मोठा दिसतो, कारण भागाकाराखाली २८ दिवसांच्या विनंत्यांऐवजी १५ दिवसांच्याच असतात. आणि त्यानंतर तो मुदतीच्या १३ दिवस आधीच विसरला जातो. आम्ही काम थांबवले ते फुगलेल्या आकड्यावर, आणि पुन्हा सुरू करायला निघालो होतो ते अर्धवट स्मृतीवर.

आता आम्ही साठवणुकीची मुदत ३५ दिवस केली आहे. त्याचा खर्चही हिशेबात बसतो. दर १५ सेकंदांनी एक नोंद घेतली तर एका मालिकेच्या (एका मोजमापाच्या एका लेबल-संचाच्या) दिवसाला ५,७६० नोंदी होतात, ३५ दिवसांच्या २,०१,६००. प्रोमिथियसच्या अधिकृत मार्गदर्शिकेनुसार एका नोंदीला सरासरी एक ते दोन बाइट लागतात. म्हणजे एक लाख मालिकांसाठी २० ते ४० जीबी. आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. मात्र मुदत वाढवल्याने पुसली गेलेली माहिती परत येत नाही, त्यामुळे नवा आकडा ग्राह्य धरण्यासाठी आम्हाला उरलेले १३ दिवस थांबावेच लागले. ज्यांनी प्रोमिथियसच्या माहितीच्या दीर्घ साठवणुकीसाठी थॅनोस हे साधन बसवले आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. नियम जर प्रोमिथियसच्या आतच चालत असतील तर त्यांना दिसते ती प्रोमिथियसची स्थानिक माहिती. थॅनोसकडे वर्षभराचे साठलेले असले तरी त्या नियमांना त्याचा उपयोग नाही.

प्रतिसादाच्या वेळेवर एसएलओ लिहिताना हिस्टोग्रामच्या (विनंत्या वेळेच्या टप्प्यांनुसार मोजणाऱ्या मोजमापाच्या) सीमांकडे असेच बारकाईने पाहावे लागते. 'बहुतेक विनंत्या ३०० मिलिसेकंदांच्या आत पूर्ण व्हाव्यात' असे आम्ही उत्साहाने लिहिले आणि पडद्यावर काहीच आले नाही. पायरा नेमकी ०.३ सेकंदाची बकेट (टप्पा) शोधत होता, आणि गो भाषेच्या प्रोमिथियस लायब्ररीच्या ठरावीक बकेटांमध्ये ०.२५ नंतर थेट ०.५ येते. एक तर कोडमध्ये नवी सीमा घालावी, नाही तर उद्दिष्ट ०.२५ किंवा ०.५ वर आणावे. आम्ही कोड बदलला, कारण उद्दिष्ट ग्राहकाच्या सोयीने ठरावे, लायब्ररीच्या नव्हे. प्रोमिथियस ३ वर जाणाऱ्यांसाठी येथे आणखी एक सूचना आहे. या आवृत्तीपासून बकेटच्या सीमेचे लेबल साठवताना '१' ऐवजी '१.०' असे एकसारख्या रूपात लिहिले जाते. एसएलओमध्ये जुने रूप राहिले तर नव्या नोंदी जुळत नाहीत, आणि आवृत्ती बदलल्यानंतरचे चार आठवडे दोन्ही रूपांतली माहिती एकाच कालावधीत मिसळलेली असते. दोन्ही रूपे जुळतील असा नमुना तेवढ्या काळापुरता लिहून ठेवावा.

अलर्टच्या बाबतीत मात्र पायराने आमचे खरोखर भले केले. गूगलच्या अभियंत्यांनी रूढ केलेली बहुखिडकी बर्न रेटची पद्धत (बजेट किती वेगाने जळते ते लांब आणि छोट्या अशा दोन कालखिडक्यांत पाहण्याची) तो आपोआप लिहून देतो. चार आठवड्यांच्या एसएलओसाठी चार अलर्ट तयार होतात: १४ पट, ७ पट, २ पट आणि १ पट वेगाने बजेट जळत असल्यास. १४ पट म्हणजे हाच वेग टिकला तर दोन दिवसांत सगळे बजेट संपेल. त्यासाठी गेला एक तास आणि गेली पाच मिनिटे या दोन्ही खिडक्यांत तो वेग दिसावा लागतो. लांब खिडकीमुळे क्षणिक झटक्याने कोणाची झोपमोड होत नाही, आणि छोट्या खिडकीमुळे बिघाड दूर होताच अलर्ट लवकर शांत होतो. पहिले दोन अलर्ट गंभीर आणि उरलेले दोन इशारावजा असतात. आम्ही गंभीर ते ऑन-कॉल (त्या वेळी जबाबदारीवर असलेल्या) माणसाच्या फोनवर आणि इतर ते कामाच्या यादीत पाठवतो. हाताने हे नियम लिहिण्याचा प्रयत्न आम्ही पूर्वी केला होता आणि प्रत्येक सेवेगणिक वेगळ्या चुका केल्या होत्या. मूळ मोजमापच नाहीसे झाले तर तसे कळवणारा वेगळा अलर्टही पायरा तयार करतो. विश्वासार्हतेच्या कामात 'त्रुटी शून्य' आणि 'माहितीच नाही' या दोन गोष्टी सारख्या दिसणे धोक्याचे असते, म्हणून हा अलर्ट कोणीही बंद करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोजमाप कोठून घ्यायचे, हे कोणतेही साधन आपल्यासाठी ठरवू शकत नाही. सेवेच्या आतल्या काउंटरवर (केवळ चढत जाणाऱ्या मोजणीवर) एसएलओ बांधला आणि ती सेवाच कोसळली, तर फसलेल्या विनंत्या मोजायला तिथे कोणी उरत नाही. ग्राहकाला ५०२ किंवा ५०३ ही त्रुटी दिसत असते, आणि आपल्या हिशेबात मात्र विनंत्याच कमी झालेल्या दिसतात. म्हणून आम्ही उपलब्धतेचे एसएलओ पुढच्या इन्ग्रेसच्या (बाहेरच्या विनंत्या आत घेणाऱ्या प्रवेशद्वाराच्या) मोजमापावर नेले आणि आतले काउंटर तपासणीसाठी ठेवले. काउंटरचा एक मोठा गुण येथे सांगण्यासारखा आहे. प्रोमिथियस स्वतः अर्धा तास बंद राहिला तरी काउंटर दरम्यान चढतच असतो, त्यामुळे परतल्यावर वाढीचा हिशेब बहुतांशी लागतो. बाहेरून दर मिनिटाला तपासून 'चालू' किंवा 'बंद' अशी नोंद ठेवणाऱ्या पद्धतीत मात्र हुकलेला अर्धा तास कायमचा हुकतो.

पायराचा पडदा नेटका आहे. मुखपृष्ठावर सर्व एसएलओ, त्यांची उपलब्धता आणि उरलेले बजेट. आत गेल्यावर बजेटचा उतरता आलेख, विनंत्या, त्रुटी आणि चारही अलर्टची स्थिती. आलेखामागची क्वेरी थेट प्रोमिथियसमध्ये उघडता येते. आमचा पंधरा दिवसांचा घोटाळा याच सोयीमुळे सापडला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. क्वेरी झाकून केवळ आकडा दाखवणारे साधन असते तर आम्ही आणखी किती महिने त्या आकड्यावर निर्णय घेतले असते कोण जाणे.

उणिवाही आहेत. लॉगिनची सोय नाही, त्यामुळे समोर प्रमाणीकरण करणारा प्रॉक्सी ठेवावा लागतो. प्रोमक्यूएल (प्रोमिथियसची क्वेरीची भाषा) न बोलणाऱ्या डेटाबेसला पायरा जोडता येत नाही; ज्यांची माहिती इन्फ्लक्सडीबी या दुसऱ्या टाइम सिरीज डेटाबेसमध्ये आहे त्यांनी अनेक स्रोत वाचू शकणारे सशुल्क मंच पाहावेत. भारही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. २८ दिवसांची वाढ काढणारा नियम दर अडीच मिनिटांनी चालतो, आणि एका मालिकेच्या तेवढ्या दिवसांच्या नोंदीच १,६१,२८० होतात. त्यात मार्ग, पॉड (कुबरनेटिसवर चालणारी सेवेची एक प्रत) आणि आवृत्ती अशा लेबलांनी मालिका शेकड्यांनी वाढल्या तर प्रोमिथियसची दमछाक होते. एसएलओला लागत नसलेली लेबले आधीच एका रेकॉर्डिंग रूलने गाळून, त्या गाळलेल्या मालिकेवर एसएलओ बांधल्यावर आमचा भार आटोक्यात आला. पडद्याची गरज नसेल आणि आलेख दाखवणारे ग्राफाना आधीपासून हाताशी असेल, तर असे नियम तयार करून देणारे स्लॉथ हेही चांगले साधन आहे.

एका सेवेला मात्र हे काहीच लागू पडले नाही. रात्री अहवाल तयार करणाऱ्या आमच्या सेवेकडे दिवसाला जेमतेम पंधरा विनंत्या येतात, म्हणजे चार आठवड्यांत ४२०. ९९.९ टक्क्यांच्या हिशेबाने तिला अर्धी चूकही परवडत नाही. एक अहवाल फसला की बजेटच्या दुपटीहून अधिक खर्च होतो आणि ते महिनाभर उणेच राहते. उद्दिष्ट ९९ वर आणून पाहिले, तेव्हा चार चुकांची मुभा मिळाली, पण प्रत्येक अहवालाची वाट पाहणारा एक माणूस असतो आणि त्याला टक्केवारीशी काही देणेघेणे नसते. त्या सेवेची फाइल आम्ही पायरातून काढून टाकली. आता एखादा अहवाल फसला की त्याच क्षणी अलर्ट येतो आणि कोणीतरी तो पुन्हा चालवतो.