पलटणीगणिक दगड की राज्याचं एकच स्मारक? गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्गचा हिशेब

अमेरिकी यादवी युद्धातल्या आपल्या सैनिकांसाठी राज्याच्या विधिमंडळाने पैसा मंजूर करायचा, तर पहिला प्रश्न हाच: प्रत्येक पलटणीला ठरावीक रक्कम द्यायची, की साऱ्यांचं मिळून एकच मोठं बांधकाम करायचं? पेनसिल्व्हेनियाने दोन्ही केलं, म्हणून सुरुवात तिथून.

१८८७ मध्ये त्या राज्याने गेटिसबर्गला (पेनसिल्व्हेनियातली १८६३ ची रणभूमी) लढलेल्या प्रत्येक पलटणीला १,५०० डॉलर दिले. रक्कम लहान, पण लढाईत सैन्याची फळी कुठून कुठवर होती हे आजही शेतातून चालताना कळतं ते या दगडांमुळेच. भांडण होतं ते जागेवरून. रणभूमी सांभाळणाऱ्या संस्थेचा नियम होता, की मुख्य दगड पलटणीच्या मूळ फळीवरच हवा. ७२वं पेनसिल्व्हेनिया पायदळ मात्र आपण पुढच्या दगडी कुंपणापाशी लढलो म्हणून कोर्टात गेलं आणि १८९१ मध्ये जिंकलं. त्यांचा ब्राँझचा शिपाई त्या कुंपणाजवळ उभा आहे, बंदूक उलटी धरून दस्ता उगारलेला. तेव्हा जागा कोण ठरवणार आणि तक्रार कुठे करायची, हे अनुदानाच्या कायद्यातच लिहा.

एकत्रित स्मारकाचा भपका मोठा, खर्चही तसाच. पेनसिल्व्हेनियाच्या गेटिसबर्गमधल्या १९१० च्या स्मारकात १,२५२ टन ग्रॅनाईट आहे आणि पाट्यांवर ३४,५३० नावं. सुरुवातीची तरतूद १,५०,००० डॉलरची. ती पुरली नाही, लिंकन आणि सेनापतींचे पुतळे १९१३ मध्ये बसले. व्हिक्सबर्गला (मिसिसिपीतली १८६३ च्या वेढ्याची रणभूमी) मिसिसिपी राज्याच्या स्मारकाचंही तेच: अनावरण १९०९ ला, ब्राँझ १९१२ ला. दगडकाम आणि ओतकाम यांची तरतूद वेगवेगळी दाखवा, नाहीतर अनावरणाला रिकामे चौथरे दिसतात.

इलिनॉयने १९०६ मध्ये व्हिक्सबर्गला १,९४,४२३.९२ डॉलर खर्चून ३६,३२५ नावं ६० पाट्यांवर आणली. तिथल्या ४७ पायऱ्या म्हणजे वेढ्याचे ४७ दिवस. नावं हवीच असतील तर हजेरीपट तपासणं हे सर्वांत किचकट काम. गेटिसबर्गसाठी आधार ३० जून १८६३ च्या पगार-हजेरीचा, पण त्यात इस्पितळात असलेलेही येतात आणि जर्मन आडनावं दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. ओतलेल्या पाटीवर एक अक्षर चुकलं तरी ते खोडता येत नाही; बहुधा पाटीच पुन्हा ओतावी लागते.

नावांशिवायही मान राखता येतो. मिसुरीचं व्हिक्सबर्गमधलं १९१७ चं स्मारक ४२ फूट उंच आहे, कारण तिच्या ४२ तुकड्या दोन्ही बाजूंनी लढल्या. मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र २००४ पर्यंत थांबावं लागलं. त्यांच्या तीन आकृत्यांच्या शिल्पाला सुमारे ३ लाख डॉलर लागले. अजून स्मारक नसलेल्यांपैकी आधी कोणाचा दगड, हे ठरवताना हा उशीर मनात असावा.

आमचं मत: पलटणींचे दगड आधीच असतील तर नावांवर खर्च करू नका, एकच साधं शिल्प पुरे. फक्त पैसा मंजूर करण्याआधी परवानगी पाहा. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या धोरणानुसार यादवी युद्धाच्या उद्यानांत कायद्याने स्पष्ट मुभा असल्याशिवाय नवं स्मारक मंजूर होत नाही. ब्राँझला ठरावीक काळाने मेण आणि दगडांच्या सांध्यांना नवा चुना लागतोच. इलिनॉयसारखा घुमटाला मधोमध उघडा झरोका ठेवलात, तर फरशीचा उतार आणि पाण्याचा निचरा यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.