एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह की प्लेस्टेशन अ‍ॅक्सेस: आधी हात बघा, मग डबा

माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे. डाव्या हाताची बोटं मिटलेलीच राहतात. उजवा तळहात टेकवून तो दाब देऊ शकतो, आणि उजवी टाच मात्र हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा आपटतो. व्हिडिओ गेमचा नेहमीचा कंट्रोलर दोन हातांत धरून अंगठ्यांनी आणि तर्जन्यांनी चालवायचा, त्यामुळे तो त्याच्यासाठी बादच. घरात असं कुणी असेल आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह आणि सोनीच्या प्लेस्टेशनचा अ‍ॅक्सेस, या अशांसाठीच बनवलेल्या दोन कंट्रोलरांपैकी कुठला घ्यावा हे ठरत नसेल, तर माझं मत आधीच सांगते: शरीराची कुठली हालचाल न दमता शंभरदा करता येते, ते बघा. बाकी सगळं त्यानंतर.

मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८च्या सप्टेंबरमध्ये आला, १०० डॉलरला. दिसायला पाटीसारखा चपटा, वर तळहाताएवढी दोन काळी गोल बटणं. खरी करामत मागच्या कडेला आहे. तिथे ओळीने १९ भोकं आहेत, जुन्या हेडफोनच्या पिनेची, ३.५ मिलीमीटरची. नेहमीच्या कंट्रोलरवरच्या जवळजवळ प्रत्येक बटणाला इथे स्वतःचं भोक आहे. त्यात बाहेरचं बटण जोडलं की ते बटण पायाखाली, कोपराशेजारी, उशीजवळ, कुठेही ठेवता येतं.

सोनीचा अ‍ॅक्सेस ६ डिसेंबर २०२३ला आला, ९० डॉलरला. तो थाळीसारखा गोल आहे. कडेने पाकळ्यांसारखी आठ बटणं, मध्ये एक, आणि बाजूला एक स्टिक, म्हणजे हव्या त्या दिशेला ढकलायची छोटी दांडी, जी आत-बाहेर सरकवता येते. डब्यात बटणांवर बसवायच्या १९ टोप्या मिळतात. एक रुंद टोपी दोन बटणांवर मिळून बसते, तर एक मध्याकडे झुकलेली असते, लहान हातासाठी. थाळी हवी तशी फिरवून ठेवायची. मात्र बाहेरचं काही जोडायला भोकं चारच.

फरक इथेच पडतो. एक हात बऱ्यापैकी चालत असेल, एका वितीच्या आत बोटं किंवा मूठ फिरत असेल, तर अ‍ॅक्सेस घ्या. डब्यातून काढल्या दिवशी खेळ सुरू होतो, जोडाजोडी फारशी लागत नाही. पण चालणाऱ्या हालचाली विखुरलेल्या असतील, म्हणजे थोडं टाचेत, थोडं कोपरात, थोडं मानेत, तर अ‍ॅडॅप्टिव्हला पर्याय नाही. आमच्याकडे तोच आहे.

खर्चाचा हिशेब मात्र नीट करा, कारण डब्यावरची किंमत अर्धीच गोष्ट सांगते. बहुतेक त्रिमितीय खेळांना दोन स्टिक लागतात, एक चालायला आणि एक बघायला. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये स्टिक एकही नाही. २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने ३० डॉलरची वेगळी स्टिक आणली, तशा दोन घेतल्या की बेरीज १६० डॉलर. अ‍ॅक्सेसमध्ये एक आहे, दुसरीसाठी आणखी एक अ‍ॅक्सेस घेतला तर १८० डॉलर. नाहीतर शेजारी बसलेल्याने साधा कंट्रोलर धरायचा. एक चालवतो, दुसरा सांभाळतो, अशी सोय दोन्हीकडे आहे. आम्ही सुरुवातीला तसंच खेळायचो. खेळातला कॅमेरा मी फिरवायचे आणि भाचा ओरडायचा, "मावशी, डावीकडे बघ!"

बटणांचा खर्च कमी करता येतो. या कामासाठी मिळणारी तयार बटणं महाग असतात, पण आतून ती साधी असतात: दाबलं की दोन वायरी एकमेकींना टेकतात, एवढंच. आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीतून मोठं पुश बटण, दोन मीटर वायर आणि त्या भोकात बसणारी मोनो पिन आणली. बटणाच्या दोन पायांना वायरी डाग देऊन जोडल्या, त्यांची दुसरी टोकं पिनेला, आणि ते बटण प्लायच्या तुकड्यावर बसवलं. खाली जुन्या योगा मॅटचा तुकडा चिकटवला, कारण टाचेच्या दणक्याने ते फरशीवरून सरकत जायचं. मुंबईकरांना हे सगळं लॅमिंग्टन रोडवर मिळेल.

३.५ मिलीमीटरच्या याच भोकामुळे मला या कंट्रोलरांच्या भवितव्याची फारशी काळजी वाटत नाही. मायक्रोसॉफ्टचंच किनेक्ट, शरीराच्या हालचाली टिपून खेळ चालवणारं कॅमेऱ्याचं यंत्र, कितीतरी मोठ्या गाजावाजात आलं आणि २०१७मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. इथे मात्र हीच पिन सोनीने घेतली, जपानच्या होरीने निन्टेंडो स्विचसाठी काढलेल्या फ्लेक्स कंट्रोलरमध्येही तीच आहे. उद्या एखादं मॉडेल बंद पडलं तरी घरी जमवलेली बटणं दुसऱ्यात चालतील.

कन्सोल आधीच घरात असेल तर निवड बरीचशी झालेलीच आहे: अ‍ॅक्सेस प्लेस्टेशन ५साठी, अ‍ॅडॅप्टिव्ह एक्सबॉक्स आणि विंडोजसाठी. घरात फक्त कॉम्प्युटर असेल तर अ‍ॅडॅप्टिव्हच घ्या. परदेशातून कुणाकडून मागवणार असाल, तर वॉरंटी इथे लागू होते का हे आधी विचारून घ्या.

आणि पैसे देण्याआधी एक करा. टेबलावर वाट्या उपड्या मांडा, पायाशी एक ठेवा, आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला दहा मिनिटं त्या दाबायला सांगा. आमच्या भाच्याने हाताजवळच्या तीन वाट्या पाच मिनिटांत सोडून दिल्या. पायाशी ठेवलेली मात्र शेवटपर्यंत वाजत होती.